पहिला जीपीएस घेताना

दसऱ्याला सोनं द्यायला भाची आली. पाया पडली, आपट्याची पानं हातात ठेवली आणि दुसऱ्याच मिनिटाला मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, यातला कुठला घेऊ सांग की." पडद्यावर हातात धरायचे पाच जीपीएस एकाखाली एक मांडलेले. दिवाळीला तिच्या बाबांनी काहीतरी घेऊन द्यायचं कबूल केलंय, आणि बाईसाहेबांनी त्यातला सगळ्यात महागडा आधीच मनात धरला होता.

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"ट्रेकला. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे फोन आहेत, पण खरा जीपीएस कुणाकडेच नाही."

हा 'खरा' शब्द मला अडला. गेल्या काही महिन्यांत मंडळाच्या कार्यक्रमांतही दोन-तीन मुलांनी हाच प्रश्न विचारला होता. म्हणून या वेळचं सदर त्यावरच. बेळगावची आपली मुलं शनिवार-रविवार चंदगड, जांबोटी, चोर्ल्याकडे निघतात. पावसाळ्यात तर जास्तच. यंत्र कुठलं घ्यायचं ते सांगतेच, पण आधी माझी एक फजिती सांगते. ती कळल्याशिवाय बाकीचं पटणार नाही.

खरा आणि खोटा

पहिली गोष्ट, मोबाइलमधला जीपीएसही खराच असतो. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढतं. यासाठी मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नकाशा घरूनच उतरवून घ्या, लोकेशन चालू ठेवा. रेंज नसलेल्या रानातही निळा ठिपका बरोबर जागेवर दिसेल, आणि बॅटरीही पुष्कळ वाचेल.

मग वेगळं यंत्र कशाला? तर धो धो पावसात ओल्या बोटांनी फोनचा पडदा चालत नाही. जीपीएसला बटणं असतात, ती हातमोज्यातूनही दाबता येतात. फोन दगडावर पडला तर तडकतो. जीपीएस पडण्या-भिजण्यासाठीच बनवलेला असतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे फोन हाच आपला मदत मागायचा एकमेव रस्ता असतो. वाट बघण्यातच त्याची बॅटरी संपवली तर गरजेच्या वेळी हातात काहीच उरत नाही.

दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा. साधा जीपीएस फक्त ऐकतो, बोलत नाही. तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळतं, दुसऱ्या कुणालाही कळत नाही. पोरं यंत्र घेऊन गेलीत म्हणून घरच्यांनी निर्धास्त राहावं, असं त्यात काही नाही.

सड्यावरची संध्याकाळ

आता फजिती. काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही दोघंच चंदगड तालुक्यातल्या एका सड्यावर गेलो होतो. ज्यांनी सडा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जांभ्या दगडाचं लांबच लांब सपाट पठार. पावसात त्यावर गवत आणि बारीक फुलं येतात, सुंदर दिसतं. पण झाड नाही, खूण नाही, चारी दिशा सारख्याच. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

माझ्याजवळ एक जुना जीपीएस होता. घेऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं मला सगळं येतं असा माझा समज होता. गाडी लावली त्या गावातल्या देवळाची खूण मी त्यात करून ठेवली होती. मात्र सेल वाचवायचे म्हणून चाललेल्या वाटेची नोंद, म्हणजे ट्रॅक, बंद ठेवला होता.

दोनच्या सुमाराला धुकं आलं. मी ऐटीत देवळाची खूण निवडली आणि 'गो टू' दाबलं. बाण आला, अंतर दिसलं, दीड किलोमीटरसुद्धा नाही. बाणाच्या मागे मागे चाललो आणि अर्ध्या तासात एका ओढ्याच्या घळीच्या काठावर येऊन थांबलो. खाली पाण्याचा आवाज, दिसत काही नाही. बाण मात्र समोर, सरळ घळीपलीकडे. तो सरळ रेषा दाखवतो. मध्ये कडा आहे, घळ आहे, की कुणाचं कुंपण आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. सकाळी आम्ही या घळीला वळसा घालून आलो होतो. तो वळसा ट्रॅकमध्ये उमटला असता, पण ट्रॅक तर मीच बंद केला होता.

मागे वळताना शेवाळलेल्या दगडावरून यांचा पाय घसरला आणि घोटा मुरगळला. पाऊल टेकवेना. एका जुन्या चिरेखाणीच्या आडोशाला बसलो. फोनला मधूनच एक काडी यायची आणि जायची. फोन लागेना, पण एक एसएमएस जाईल असं वाटलं. मी जीपीएसचा पडदा बघून आकडे लिहिले आणि बेळगावला धाकट्या भावजींना पाठवले. एसएमएस गेला. बरं वाटलं.

पडद्यावर होतं: उत्तर १५° ५०.४५०', पूर्व ७४° ०८.३००'. घाईत, थंडीनं बधिरलेल्या बोटांनी मी लिहिलं: "१५ ५० ४५, ७४ ०८ ३०".

भावजींनी ते वाचलं ते असं: १५ अंश ५० मिनिटं ४५ सेकंद, ७४ अंश ८ मिनिटं ३० सेकंद. त्यांची काहीच चूक नाही, कुणीही तसंच वाचलं असतं. पण माझं यंत्र मिनिटांचे दशांश दाखवत होतं. ५०.४५० मिनिटं म्हणजे ५० मिनिटं २७ सेकंद, ४५ नव्हे. ०८.३०० म्हणजे ८ मिनिटं १८ सेकंद, ३० नव्हे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, आणि आपल्याकडे रेखांशाचा सेकंद जवळपास ३० मीटर. हिशोब करा. मी आम्हाला उत्तरेला साडेपाचशे मीटर आणि पूर्वेला साडेतीनशे मीटर सरकवून टाकलं होतं. सरळ रेषेत साडेसहाशे मीटर.

गावातल्या चहावाल्याचा नंबर भावजींकडे होता. चार माणसं बॅटऱ्या घेऊन निघाली आणि मी दिलेल्या जागेवर पोचली, ओढ्याच्या भलत्याच अंगाला. तिथे कुणी नव्हतं. आम्ही चारपासून बसलो होतो. अंधार पडला, पाऊस थांबेना, यांना हुडहुडी भरली. आठच्या पुढे कधीतरी लांबून कुकारे ऐकू आले. मी ओरडले, शिट्टी फुंकली. त्या आवाजावर माणसं आली. यंत्रावर नव्हे.

त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ यांना खांदा देता देता म्हणाले, "ताई, नुसतं चिरेखाणीपाशी बसलोय म्हणून कळवला असता तरी अर्ध्या तासात आलो असतो की ओ."

चिरेखाण! मी तिच्यातच बसले होते आणि तो शब्द लिहायचं मला सुचलं नव्हतं.

म्हणून आधी हे तीन प्रश्न

ही गोष्ट ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे घेऊ नको म्हणतेस?" तसं नाही. यंत्रानं आमची जागा अगदी अचूक सांगितली होती. घोळ माझा होता, आणि दुप्पट किमतीचं यंत्र असतं तरी झाला असता. म्हणून घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा: मी कुठे जाणार, एका वेळी किती दिवस, आणि यंत्राकडून मला नक्की काय हवं?

राजहंसगडाला सकाळी जाऊन दुपारी परत येणाऱ्याला फोन आणि एक पॉवर बँक पुरे. सड्यांवर, दाट रानात, पावसाळ्यात वारंवार जात असाल, सायकलवर दोन-तीन दिवसांच्या फेऱ्या करत असाल, किंवा वाटांचे नकाशे बनवायचा छंद लागला असेल, तर वेगळं यंत्र घेण्यात अर्थ आहे.

काय बघायचं

*सेल.* पहिल्या यंत्राला बाहेर काढता येणारे सेल असावेत, असं माझं मत आहे. भिंतीवरच्या घड्याळात घालतो तोच पेन्सिल सेल. तो कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतो. चार्ज होणारे सेल वापरलेत तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार तसा निवडा, कारण त्यांचा दाब १.२ व्होल्ट असतो आणि साध्या सेलचा १.५. प्रकार चुकीचा राहिला की यंत्र उरलेली बॅटरी चुकीची दाखवतं. आणि जादा सेल वाचवायला नव्हे, वापरायला न्यायचे असतात. ट्रॅक कधी बंद करू नका.

*नकाशा.* सगळ्या यंत्रांत नकाशा नसतो. उदाहरणार्थ, गार्मिनचं २०११ साली आलेलं ईट्रेक्स १० हे काळ्या-पांढऱ्या पडद्याचं आहे. खुणा आणि ट्रॅक दाखवतं, पण त्यात सविस्तर नकाशा भरता येत नाही. २०१९ साली आलेल्या ईट्रेक्स २२एक्सला रंगीत पडदा आहे, आठ जीबी जागा आहे आणि वर मेमरी कार्डही बसतं. २०२३ साली आलेलं ईट्रेक्स एसई सेलवर खूप तास चालतं, पण नकाशा बघायचा तर तो जोडलेल्या फोनवरच. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावरून तयार केलेले, उंचीच्या रेषा असलेले नकाशे फुकट मिळतात आणि अशा यंत्रांत भरता येतात. आपल्या भागासाठी महागडा नकाशा विकत घ्यायची गरज मला तरी पडलेली नाही.

*होकायंत्र आणि उंची.* साध्या यंत्रातला बाण तुम्ही चालत असतानाच खरी दिशा दाखवतो. उभे राहिलात की तो भरकटतो. चुंबकीय होकायंत्र आत असेल तर उभ्या जागीही दिशा कळते. ईट्रेक्स ३२एक्समध्ये ते आहे, शिवाय हवेच्या दाबावरून उंची काढणारं साधनही. उपग्रहावरून काढलेल्या उंचीत आडव्या जागेपेक्षा जास्त चूक असते, म्हणून गडकिल्ल्यांना ते उपयोगी. पण हवा बदलली की दाब बदलतो, तेव्हा माहीत असलेल्या उंचीवर ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. पहिल्या यंत्रात हे नसलं तरी चालेल. शे-दोनशे रुपयांचं साधं होकायंत्र खिशात ठेवा, त्याला सेलही लागत नाहीत.

*उपग्रहांच्या किती मालिका.* आता जीपीएसच्या जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ असे उपग्रहही बरीच यंत्रं वापरतात. काहींत आपलं नाविकही असतं. घळीत किंवा दाट झाडीत आकाशाचा तुकडाच दिसतो, तेव्हा जास्त मालिका कामी येतात. जीपीएसमॅप ६५सारखी यंत्रं दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकतात, त्यामुळे कड्यावर आपटून आलेल्या संदेशानं होणारी चूक कमी होते. फरक खरा आहे, पण हे दुसऱ्या यंत्राचं सुख. उघड्यावर साधं यंत्रही पाच-सात मीटरच्या आत जागा सांगतं, आणि पायवाट शोधायला तेवढं पुरतं.

*पाणी.* आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असावं. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं. सेलच्या झाकणाचं रबर मात्र घरी आल्यावर पुसून कोरडं करा. आपल्या पावसात तिथेच बुरशी धरते.

अमेरिकेतल्या काकांचं काय

आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी परदेशी असतं आणि "तिकडून येताना आणा" हे ठरलेलं असतं. इथे जपून. काही यंत्रं उपग्रहावरून संदेश पाठवूही शकतात. संकटात बटण दाबलं की मदत मागता येते. ऐकायला हे फार चांगलं, आणि सड्यावर त्या संध्याकाळी मला ते मिळालं असतं तर मी देवच मानला असता. पण आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं संदेश पाठवणारं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे. माहीत नसल्यामुळे गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे अडकल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. गार्मिनच्या यादीत ६६आय, ६७आय असे नावाच्या शेवटी 'आय' असलेले प्रकार या जातीचे. इनरीच हे नाव दिसलं तरी तेच. काकांना हे आधीच कळवा. फक्त ऐकणारा साधा जीपीएस घ्यायचा, तोही शक्यतो भारतातल्याच दुकानातून, पक्क्या बिलासह. म्हणजे दुरुस्तीची वेळ आली तर हमी उपयोगी पडते.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी दोन सेटिंग बघा. एक, आकडे लिहायची पद्धत. अंश-दशांश, मिनिटांचे दशांश, किंवा अंश-मिनिटं-सेकंद, यातली कुठलीही चालेल, पण ग्रुपमधल्या सगळ्यांची एकच असू द्या. मी आता अंश-दशांश वापरते. १५.८४०८३ असा एकच आकडा, फोनच्या नकाशात जसाच्या तसा टाकता येतो. टिंब मात्र गाळायचं नाही.

दोन, डेटम, म्हणजे पृथ्वीचा आकार कुठला धरून आकडे काढले ते. यंत्रात डब्ल्यूजीएस ८४ असतं, ते तसंच ठेवा. फक्त घरात आजोबांच्या काळची सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट असेल तर लक्षात घ्या, जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत. यंत्रातले आकडे त्यावर तसेच मांडलेत तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. नव्या ओपन सीरिज नकाशांत ही अडचण नाही. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचा नकाशा घेऊन बसा आणि यंत्रातली जागा कागदावर बोटानं दाखवायचा सराव करा. सेल संपल्यावर तोच उपयोगी पडतो.

मग सराव, तोही रानात नव्हे, गावात. व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला जाता ना? गेटापाशी खूण करा, ट्रॅक चालू करा, मनात येईल तसं फिरा आणि मग 'ट्रॅकबॅक' लावून त्याच वाटेनं परत या. दुसऱ्या दिवशी 'गो टू' लावून या आणि बाण तुम्हाला कुठे झाडीत घुसवतो ते बघा. दोन्हींतला फरक मला घळीच्या काठावर कळला. तुम्हाला तो डेपोत कळावा.

निघताना घरी चिठ्ठी ठेवा: कुठे, कुठल्या वाटेनं, कोण कोण, किती वाजेपर्यंत परत. आणि संकटात जागा कळवायची झाली तर आकड्यांबरोबर शब्दही पाठवा. ओढ्याच्या अलीकडे, खाणीत, देवराईच्या वरच्या अंगाला. शोधायला येणारा माणूस गावचा असतो, त्याला आकडे नाही, जागा माहीत असतात.

आणि एक विनंती. भीमगडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही, मग यंत्र कितीही चांगलं असो. वटवाघळांच्या गुहा, घरट्यांच्या जागा यांचे आकडे कुठेही टाकू नका.

मग काय घेतलं?

भाचीला मी माझा तोच जुना जीपीएस दोन महिन्यांसाठी दिला. म्हटलं, वापर, आणि काय कमी पडतं ते वहीत लिही. बाबांचे पैसे कुठे पळून जात नाहीत. पंधरा दिवसांनी वही घेऊन आली. त्यात लिहिलं होतं: नकाशा पाहिजे. रंगीत पडदा पाहिजे. बाकी ठीक. म्हणजे पाच जणांच्या यादीतला तिसरा, मधल्या किमतीचा. दिवाळीला तोच येईल. उरलेल्या पैशात चांगले बूट घेऊया म्हणते, त्याला माझी हरकत नाही.

परवा रविवारी सकाळी सातला तिचा एसएमएस आला. अंश-दशांशातले दोन आकडे, टिंबासकट, आणि पुढे: "डेपोत, मागच्या बाजूच्या बाकावर. डबा आणलाय. शोध बघू." मी फोनमध्ये आकडे टाकले आणि चालत गेले. बारा मिनिटांत सापडली. डब्यात उपमा होता, अजून गरम.

पुढच्या महिन्यात टोपोशीट वाचायला शिकू. घरात एखादी जुनी असेल तर काढून ठेवा.